बाळंतपणाची रजा मागताना

"सध्या राजीनामा देऊन टाका, बाळ मोठं झालं की या परत." दवाखान्यात, शोरूममध्ये किंवा एखाद्या ऑफिसात काम करणाऱ्या कितीतरी मुलींना सातव्या महिन्यात हे ऐकावे लागते. बोलणारा गोड बोलतो, म्हणून मुलगी सही करून येते. घरीही सासूबाई म्हणतात, "जाऊ दे, तब्येत महत्त्वाची." तब्येत महत्त्वाची आहेच, पण त्या एका सहीने जवळपास सहा महिन्यांचा पगार हातचा जातो. महिना २४ हजार पगार असेल, तर ही रक्कम सुमारे १ लाख ४४ हजार रुपये होते.

प्रसूती लाभाचा कायदा १९६१ सालचा. २०१७ मध्ये पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. आता हीच तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. दहा किंवा अधिक माणसे काम करतात अशा दुकानांना व आस्थापनांना ती लागू होते. अट एवढीच, की प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेले असावे. २६ पैकी जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. आधीची दोन मुले हयात असतील, तर रजा १२ आठवड्यांची मिळते. गर्भपात झाल्यास पुरावा दाखवून ६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, ही गोष्ट तर पुष्कळ घरांत माहीतच नसते.

"तुम्ही कायम नाही, कंत्राटी आहात," हे उत्तरही टिकत नाही. दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरील स्त्रियांनाही हा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले. कराराची मुदत रजेच्या मध्येच संपली तरी लाभ थांबत नाही, हेही याच न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले.

ज्यांच्या पगारातून ईएसआय कापला जातो, त्यांना हे पैसे मालकाकडून नव्हे तर ईएसआयकडून मिळतात. तेव्हा आधी पगाराची पावती नीट पाहा.

मग करायचे काय? रजा तोंडी मागू नका. डॉक्टरांचा दाखला जोडून अर्ज लेखी द्या, रजा कोणत्या तारखेपासून हवी ते लिहा आणि प्रतीवर पोच घ्या. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, बँकेचे पासबुक एका पिशवीत ठेवा. रजेवर असताना कामावरून काढणे बेकायदा आहे. तसे झाले, तर ६० दिवसांच्या आत दाद मागता येते. त्यासाठी कामगार खात्याच्या कार्यालयात जा, आणि उशीर करू नका. पण राजीनामा स्वतःच्या हाताने लिहून दिला असेल, तर "मला काढले" हे सिद्ध करणे फार कठीण जाते.

परत कामावर गेल्यावर बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत दूध पाजण्यासाठी दिवसातून दोनदा सुट्टी मिळते. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील, तर पाळणाघराची सोय मालकाने करायची असते.

घरातल्या पुरुषांनाही एक विनंती. अर्ज लिहिताना बाजूला बसा, पोच आणायला सोबत जा. नववा महिना लागलेल्या मुलीने हे सगळे एकटीने का निस्तरावे? आणि कोणी राजीनाम्याचा कागद पुढे केलाच, तर तिने एवढेच म्हणावे : "घरी विचारून सांगते." त्या दिवशी सही नको.