मृत्पात्री-कर्मशाळा

मृत्पात्री-कर्मशाळा : मातीची भांडी व कलावस्तू सामायिक साधनांवर घडविणारी, आणि तेच काम शिकू इच्छिणाऱ्यास जातीची वा घराण्याची अट न घालता शिकविणारी कार्यशाळा. चाक, भट्टी, माती मळण्याची जागा व झिलईची द्रव्ये येथे सर्वांच्या वापराची असतात. कारागीर स्वतःचे उत्पादन चालू ठेवूनच अध्यापन करतो, हे तिचे कारखान्याहून व कलाशाळेहूनही वेगळेपण होय. महाराष्ट्रात या प्रकारचे सर्वांत लक्षणीय उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे आढळते.

विदर्भातील कुंभारकामाची परंपरा प्राचीन आहे. नागपूर परिसरातील टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड इ. ठिकाणच्या महापाषाणीय उत्खननांत काळ्या-तांबड्या रंगाची चाकावर घडविलेली खापरे मोठ्या प्रमाणात मिळाली. ग्रामव्यवस्थेत कुंभार हा बलुतेदार असे. संक्रांतीची सुगडी, अक्षय्य तृतीयेचा करा, घटस्थापनेचा घट, दिवाळीच्या पणत्या, लग्नातील बोहल्याजवळची उतरंड आणि अखेरीस अंत्ययात्रेतील मडके ही सर्व त्याच्याच घरून येत. ही विद्या बापाकडून मुलाकडे जाई. मुलगा प्रथम माती चाळी, तुडवी, मग पणत्या काढी आणि बऱ्याच वर्षांनी घागरीला हात लावी. पुष्कळ ठिकाणी स्त्रियांनी चाकाला स्पर्श करू नये असा संकेत होता. माती तयार करणे, थापणे, घोटणे व रंगविणे ही कामे मात्र त्यांच्याकडेच असत. म्हणजे निम्म्याहून अधिक काम करणाऱ्या व्यक्तीस त्या कामाची मुख्य क्रिया निषिद्ध होती.

धातूची व पुढे प्लॅस्टिकची भांडी आल्यावर या धंद्याचा पाया खचला. बलुत्याची पद्धत मोडली, तलावातील माती व जंगलातील जळण पूर्वीसारखे सहज मिळेना आणि मुले अन्य कामांकडे वळली. विद्या घराण्यापुरती मर्यादित असल्यामुळे एका पिढीने हात काढून घेतला, की ती त्या गावातून नाहीशी होई. कर्मशाळेची कल्पना या अडचणीतून पुढे आली. परंतु ती एकाच दिशेने आलेली नाही.

तिचा एक उगम कलाशिक्षणात आहे. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत (स्थापना १८५७) जॉर्ज टेरी यांच्या पुढाकाराने १८७० नंतरच्या दशकात सिंधमधील झिलईदार भांड्यांच्या धर्तीवर काम सुरू झाले व अजिंठ्याच्या चित्रांतील आकृतिबंध त्यावर उतरले. इंग्लंडमध्ये बर्नार्ड लीच यांनी १९२० साली सेंट आयव्हझ येथे मृत्पात्रीगृह काढले. एकाच व्यक्तीने माती निवडण्यापासून भट्टी लावण्यापर्यंतचे सर्व काम करावे, हा त्यांचा आग्रह पुढे जगभर पसरला. जपानमध्ये या वर्तुळाशी परिचय झालेले गुरुचरण सिंग (१८९८–१९९५) यांनी १९५२ साली दिल्लीत आपला उद्योग सुरू केला, तर १९७१ मध्ये रे मीकर व डेबोरा स्मिथ यांनी पाँडिचेरी येथे गोल्डन ब्रिज पॉटरी काढली. भारतातील अनेक मृत्कलाकार या दोन ठिकाणी तयार झाले. महाराष्ट्रात पुण्याच्या निर्मला पटवर्धन यांनी देशी द्रव्यांपासून होणाऱ्या झिलयांवर प्रदीर्घ प्रयोग केले व त्यांची कृती इंग्रजी पुस्तकातून सर्वांस खुली करून दिली. कृती गुप्त ठेवण्याची रीत असलेल्या या क्षेत्रात ही गोष्ट सामान्य नव्हे.

दुसरा उगम गांधीप्रणीत ग्रामोद्योगात आहे. १९३४ साली वर्धा येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व जे. सी. कुमारप्पा यांनी त्याची सूत्रे सांभाळली. गावातील कारागिराचे हत्यार सुधारावे, परंतु त्याला गावातून उपटू नये, हे त्यामागील सूत्र होते. स्वातंत्र्यानंतर खादी व ग्रामोद्योगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात कुंभारकामास स्थान मिळाले आणि बेळगाव जिल्ह्यातील खानापूर येथे त्यासाठी केंद्रीय प्रशिक्षणसंस्था निघाली. भद्रावतीस कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५५ मध्ये ग्रामोदय संघ स्थापन केला तो याच विचाराने. भद्रावती म्हणजे प्राचीन भांदक. विजासन येथील बौद्ध लेणी व पार्श्वनाथाचे जैन मंदिर यांसाठी ते प्रसिद्ध आहे. मातीच्या कामाच्या दृष्टीने मात्र त्याचे महत्त्व भूगर्भात आहे. या कोळसापट्ट्यात दगडी कोळशाबरोबर उच्च तापमान सहन करणारी अग्निजित मृत्तिकाही सापडते. साध्या गाळाच्या मातीवर अवलंबून असलेल्या कुंभारास अश्मपात्रांकडे वळविण्याची शक्यता त्यामुळे निर्माण झाली. ग्रामीण कुंभारांचे प्रशिक्षण, सुधारित चाके व भट्ट्या, पक्वमृदेच्या आणि झिलईदार वस्तूंचे उत्पादन असे संघाचे कार्य होते. पुढे शहरांतील कलाकार व कलाशाळांचे विद्यार्थीही येथे येऊन काम करू लागले. एकाच भट्टीत कुंभाराची कुंडी व चित्रकाराचे शिल्प शेजारी भाजले जाणे, हे दोन्ही उगमांच्या संगमाचे दृश्य रूप म्हणता येईल.

शिक्षणक्रम : आरंभ मातीपासून होतो. माती भिजवून, गाळून, मुरत ठेवतात व नंतर मळून तिच्यातील हवा काढतात. हवेचा बुडबुडा वा आतील ओल राहिल्यास भांडे भट्टीत फुटते. नवशिक्यास चाकावर प्रथम येणारी अडचण म्हणजे गोळा मध्यावर आणणे. गोळा मध्याशी स्थिर झाला नाही, तर पुढील सर्व क्रिया व्यर्थ जातात. परंपरागत चाक जड असून जमिनीलगत काठीने फिरवितात. त्यावर घागरीचे तोंड व खांदा काढून, अंग जाड ठेवून ती उतरवितात आणि अर्धवट वाळल्यावर आतून गुंडा व बाहेरून थापटणे यांच्या साहाय्याने ठोकून फुगवितात. कर्मशाळेतील पायचाकावर वा विजेच्या चाकावर बहुतेक आकार चाकावरच पूर्ण केला जातो. परिणामी थापटण्याचे कौशल्य, जे चाकाइतकेच अवघड आहे, ते शहरी विद्यार्थ्यास बहुधा मिळतच नाही. ही उणीव दूर करण्यास परंपरागत कुंभारच शिक्षक म्हणून हवा.

भाजणीत तापमानाचे भान महत्त्वाचे असते. साधारण १००° से. पर्यंत मोकळे पाणी जाते. ४५०° ते ६००° से. या दरम्यान मातीच्या रेणूंत बद्ध असलेले पाणी निघून ती पुन्हा न भिजणारी होते. ५७३° से. ला क्वॉर्ट्‌झचे आकारमान एकाएकी बदलते, म्हणून तेथे घाई केल्यास तडे जातात. गोवऱ्या, लाकूड व पेंढा यांच्या उघड्या आव्यात तापमान सामान्यतः ७००° ते ९००° से. पर्यंत पोहोचते. अश्मपात्रांस १,२००° ते १,३००° से. लागते व त्यासाठी बंद भट्टी आवश्यक असते. अनुभवी कुंभार ज्वालेच्या रंगावरून अंदाज बांधतो. कर्मशाळेत हेरमान झेगर यांनी १८८६ साली प्रचारात आणलेल्या पद्धतीचे, ठराविक उष्णतेस वाकणारे शंकू भट्टीत ठेवतात. भाजलेले भांडे ठोकून पाहण्याची रीत मात्र दोन्हीकडे आहे. खणखणीत नाद आला, तर ते पक्के. तेरच्या संत गोरा कुंभारांनी संतमंडळींच्या मस्तकांवर थापटणे मारून कच्चे-पक्के ठरविल्याची आख्यायिका या रोजच्या कसोटीवरच उभी आहे.

सुधारणा म्हणून जे शिकविले जाते ते सर्वच कुंभाराच्या उपयोगी पडते, असे नाही. नागपूरकडील उन्हाळ्यात माठाची मागणी मोठी असते. माठ पाणी गार करतो तो त्याच्या सच्छिद्रतेमुळे. पाझरलेले पाणी बाष्परूप होताना आतील उष्णता घेऊन जाते. काचसदृश घट्ट भाजलेले, झिलई दिलेले पात्र दिसावयास श्रेष्ठ असले, तरी त्यात पाणी गार होत नाही. लोणच्यासाठी मात्र तेच पात्र हवे. शिवाय उच्च तापमानाच्या भट्टीचा, इंधनाचा व बाहेरून आणाव्या लागणाऱ्या द्रव्यांचा खर्च एकट्या कुटुंबास झेपत नाही. प्रशिक्षण घेऊन गावी परतलेल्या कुंभाराला पुन्हा आव्याकडे वळावे लागण्याचे कारण कौशल्याचा अभाव नसून बहुधा हेच असते. म्हणून भट्टी सामायिक असणे ही या कर्मशाळेची सोय नव्हे, तर तिच्या अस्तित्वाचे कारण आहे. केंद्र शासनाच्या कुंभार सशक्तीकरण योजनेत (२०१८) विजेची चाके वाटण्यात आली व २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत कुंभारकामाचा समावेश आहे. चाकामुळे श्रम वाचतात, परंतु भट्टी व बाजार यांचा प्रश्न चाकाने सुटत नाही.

नागपूर शहरात मातीकामाचे मुख्य केंद्र कर्मशाळा नसून वस्ती आहे. गांधीबाग-महाल भागातील चितारओळीत गणपती, दुर्गा इ. मूर्ती घडविणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आली आहेत. येथील मूर्ती भाजत नाहीत, कारण ती पाण्यात विरघळणे अपेक्षित असते. शिक्षण हंगामी असून हंगामात हाताखाली राबणारा मुलगा त्यातच शिकतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली मूर्तींच्या विसर्जनासंबंधी सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढून प्लॅस्टर ऑफ पॅरिसला विरोध केल्यावर मातीची मूर्ती घडविण्याचे वर्ग हौशी लोकांसाठीही जागोजाग भरू लागले.

शहरी कर्मशाळांत येणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे व चाकावरील जुना निषेध तेथे आपोआप गळून पडला आहे. मात्र शुल्क भरू शकणारा वर्गच तेथे पोहोचतो आणि कुंभाराची मुले क्वचितच दिसतात. उलट दिशेचे उदाहरण ब्रह्मदेव राम पंडित यांचे आहे. बिहारमधील कुंभार कुटुंबात जन्मलेल्या पंडित यांनी मुंबईजवळ भाईंदर येथे कर्मशाळा उभारून अनेकांना शिकविले. त्यांना २०१३ साली पद्मश्री मिळाली.

कर्मशाळेत आरोग्याची दक्षता घ्यावी लागते. कोरड्या मातीची व क्वॉर्ट्‌झची सूक्ष्म धूळ दीर्घकाळ श्वासातून गेल्यास फुप्फुसांचा सिलिकामयता हा विकार जडतो. म्हणून जमीन झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. कमी तापमानास वितळणाऱ्या शिसेयुक्त झिलया आंबट पदार्थांत शिसे सोडतात. खाद्यपदार्थांच्या भांड्यांस त्या वर्ज्य होत.