नव्या घराला आपली ओळख

आज आपण नव्या घराविषयी बोलू.

आमच्या घिवलीत आणि आसपासच्या पाड्यांवर कुडाची, कौलांची घरं जाऊन सिमेंटची घरं उभी राहू लागली. पावसात गळत नाही, सारखं सारवावं लागत नाही, हे सुख मोठंच. पण गटाच्या बैठकीत बाया म्हणतात, "घर झालं, पण आपलं वाटत नाही." मग पीओपीचं छत हवं, काचेचं कपाट हवं, असं वाटू लागतं आणि त्यासाठी कर्ज निघतं. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागातल्या घराला ठरलेलं मूळ अनुदान 1 लाख 20 हजार रुपये, आणि घर किमान 25 चौरस मीटरचं, म्हणजे साधारण 270 चौरस फुटांचं. ते बांधतानाच हात रिकामे होतात. सजावटीसाठी पुन्हा कर्ज कशाला?

घराला ओळख देणं आपल्या भागातल्या बायकांना नवीन नाही. वारली घरात लग्न असलं की सवाशिणी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्यात पालघट देवी असते, धवलेरी गाणी म्हणते. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रं कागदावर आणली, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण मुळात ही कला बायकांच्या हातची आणि घराच्या भिंतीवरची.

एक ध्यानात ठेवू या. चौक हा देवाचा असतो, त्याला लग्नाचा मान आहे. तो शोभेसाठी काढू नये. भिंतीवर आपलं जगणं काढावं. होडी, जाळं, वलांडीवर सुकणारे बोंबील, भाताची लावणी, आजीची चूल. ज्याच्या घरी जे, ते त्याच्या भिंतीवर.

आता कृती. आमच्या गटातल्या एका ताईंनी घरभरणीच्या घाईत ओल्या गिलाव्यावर रंग दिला. पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे सुटले. म्हणून गिलाव्यावर निदान सात दिवस पाणी मारा, मग महिनाभर भिंत वाळू द्या. भिंतीवर पांढरा लोणा आला, तर तो कोरड्या ब्रशने झाडा आणि ओल कुठून येते ते आधी शोधा. बांधकामाला समुद्राची वाळू वापरू देऊ नका. तिच्यातल्या मिठाने लोणा धरतो आणि आतलं लोखंड गंजतं.

भिंत कोरडी झाली की गेरू पाण्यात कालवा, त्यात थोडा डिंक घाला. सिमेंटवर नुसता गेरू टिकत नाही, हाताला लागतो. दोन हात द्या. तांदळाचं पीठही डिंकाच्या पाण्यात कालवा. बांबूच्या काडीचं टोक ठेचून मऊ केलं की झाली लेखणी. सगळं घर रंगवू नका, एकच भिंत घ्या. पावसाची झड लागणार नाही अशी, घरातली किंवा छपराखालच्या ओट्याची. पुसट झाली तर दिवाळीआधी पुन्हा काढा. मुलींना सोबत घ्या, म्हणजे हात त्यांच्याकडे जाईल. जुन्या घराचा एखादा सागाचा खांब किंवा जातं टाकून देऊ नका. खांब ओट्यावर उभा करा, जातं दाराशी ठेवा.

शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी. दारावर नावाची पाटी लावाल ना? त्याच काडीने दोन नावं लिहा, तुमचं आणि घरधन्याचं. या योजनेत घर पती-पत्नी दोघांच्या नावे किंवा एकट्या बाईच्या नावे मंजूर करायचा नियम आहे. एकट्या किंवा विधवा बहिणीचं घर तिच्या एकटीच्या नावे होऊ शकतं. मंजुरीच्या कागदावर तुमचं नाव आहे का, ते बघा. मग ग्रामपंचायतीत जाऊन नमुना 8 चा उतारा मागा आणि त्यावरही ते चढलंय का, ते वाचून घ्या. नसेल तर ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. एकटीला संकोच वाटला तर गटाने मिळून जाऊ.

भिंतीवरचं चित्र पुसलं तर पुन्हा काढता येतं. कागदावरचं नाव मात्र वेळेत लागलं पाहिजे. दारावर आणि कागदावर तीच दोन नावं दिसली, की घर खरंच आपलं झालं.