साष्टी बेटावरील खेळमंडळे : फुटबॉल आणि व्हॉलीबॉल

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही नावे उच्चारली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे आगगाडीची स्थानके उभी राहतात. बेट मात्र उभे राहत नाही. वस्तुतः ही सारी गावे साष्टी बेटावरची. दक्षिणेस माहीमची खाडी, उत्तरेस वसईची, पूर्वेस ठाण्याची, आणि पश्चिमेस अरबी समुद्र, अशी या भूमीची चतुःसीमा आहे. शीवचा बांध १८०३ च्या सुमारास झाला आणि माहीमचा १८४५ साली. तोपर्यंत मुंबईहून येथे यावयाचे तर होडीचा आश्रय घ्यावा लागे. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यास निघालेली पहिली आगगाडी याच बेटावरून गेली, १८६७ साली विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत दुसऱ्या अंगानेही गाडी सुरू झाली, आणि मग हे बेट आहे याची आठवण हळूहळू पुसत गेली.

परंतु बेटाचा एक गुण काही केल्या पुसला जात नाही. बेटावरील जमीन वाढत नाही. साष्टीतील खेळमंडळांचा इतिहास म्हणजे या एका गोष्टीशी माणसांनी केलेल्या तडजोडींचा इतिहास होय, आणि फुटबॉल व व्हॉलीबॉल या दोन खेळांच्या जोडीत तो जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसेल.

प्रथम फुटबॉल मुंबईत कसा आला ते पाहू. तो पलटणींबरोबर आला. १८९१ साली येथे रोव्हर्स चषकाचे सामने सुरू झाले, आणि कित्येक वर्षे तो चषक गोऱ्या पलटणींच्याच हाती राहिला. कलकत्त्याच्या मोहन बागान संघाने १९११ साली ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा पराभव करून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, तेव्हा अनवाणी पायांनीही हा खेळ जिंकता येतो, ही गोष्ट साऱ्या देशास कळली. रोव्हर्स चषक एतद्देशीयांच्या हाती यावयास मात्र १९३७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी बंगळूरच्या मुस्लिम संघाने तो पटकावला.

हे सारे शहरात चालले होते. साष्टीत हा खेळ शिरला तो शाळांच्या व देवळांच्या वाटेने. वांद्र्यापासून बोरिवलीपर्यंत ख्रिस्ती गावठाणांतून चर्च, त्यालगत शाळा आणि शाळेपुढे मैदान अशी रचना होती. त्या मैदानांवर फुटबॉल सहज रुजला. दुसरीकडे नोकरदार मराठी कुटुंबे शहरातील दाटी सोडून उपनगरांत येऊ लागली होती. विजेची गाडी १९२८ साली बोरिवलीपर्यंत पोहोचली आणि या ओघास वेग आला. नव्या वस्तीत माणसाला प्रथम हवी असते ती शाळा, आणि पाठोपाठ हवे असते मंडळ. पार्ल्याचेच पाहा: १९२१ साली तेथे टिळक विद्यालय निघाले आणि १९२३ साली लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला. परस्परांस अनोळखी असलेली बिऱ्हाडे एका गावची व्हावयाची तर त्यांना एकत्र बसण्यास जागा लागते, आणि त्यांच्या मुलांना एकत्र धावण्यासही जागा लागते.

व्हॉलीबॉलची जन्मकथा अगदी निराळी आहे. १८९५ साली अमेरिकेतील होलिओक या लहानशा नगरात वाय. एम. सी. ए. चे व्यायामशिक्षक विल्यम मॉर्गन यांनी तो मुद्दाम रचला. बास्केटबॉलची धावपळ न सोसणाऱ्या प्रौढ गृहस्थांस संध्याकाळी थोडा व्यायाम घडावा, एवढाच त्यांचा हेतू होता. हा खेळ हिंदुस्थानात वाय. एम. सी. ए. च्याच द्वारे आला, आणि हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रासेत काढलेल्या शारीरिक शिक्षणाच्या विद्यालयाने अशा खेळांचे शिक्षक तयार केले.

येथे आपल्या साष्टीचा संबंध येतो. १९३८ साली मुंबई सरकारने शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी एक संस्था काढली, ती कांदिवलीस. तिचे पहिले प्राचार्य पी. एम. जोसेफ हे होत. पुढे १९५७ साली ग्वाल्हेरच्या राष्ट्रीय विद्यालयाची धुराही त्यांच्याकडेच आली. कांदिवलीहून शिकून गेलेले शिक्षक इलाख्यातील शाळाशाळांतून पसरले. पूर्वी ज्यास आपण ‘ड्रिल मास्तर’ म्हणून काहीसे हसत असू, त्या शिक्षकाच्या हाती आता नियमपुस्तक आले, शिटी आली, आणि हुतूतू व खो-खोच्या शेजारी दोन खांब व एक जाळे आले.

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. फुटबॉल व व्हॉलीबॉल हेच दोन खेळ एका मंडळात इतक्या वेळा एकत्र का नांदतात? याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण ऋतूचे. मुंबईत फुटबॉलचा परंपरागत हंगाम पावसाळ्याचा. आषाढ-श्रावणात क्रिकेटचा मुख्य हंगाम संपलेला असतो आणि चिखलाने भरलेले मैदान फुटबॉलला मोकळे होते. व्हॉलीबॉलला जमीन कोरडी व सपाट लागते. म्हणून दिवाळीनंतर फक्कीने रेघा आखल्या जातात आणि रात्री दिव्यांच्या उजेडात सामने रंगतात. अशा रीतीने दोन खेळांत मिळून मंडळाचे वर्ष भरून निघते. जे मंडळ वर्षातून चारच महिने जागे असते त्याची वर्गणीही चारच महिने जमते.

दुसरे कारण वयाचे. फुटबॉलमध्ये तिशी उलटली की पाय बोलू लागतात. व्हॉलीबॉलमध्ये मधल्या जाळ्यामुळे अंगाला अंग भिडत नाही, म्हणून चाळिशीचा गृहस्थही विशीच्या तरुणाबरोबर उभा राहू शकतो. कालचा फुटबॉलपटू मंडळ सोडून न जाता जाळ्यापाशी येतो, आणि पुढे तोच चिटणीस किंवा खजिनदार होतो. मंडळ टिकते ते अशा माणसांमुळे.

तिसरे कारण जागेचे, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे. आंतरराष्ट्रीय सामन्याचे फुटबॉलचे मैदान सामान्यतः १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद असते, म्हणजे ७,१४० चौरस मीटर. व्हॉलीबॉलचे अंगण १८ मीटर लांब व ९ मीटर रुंद, म्हणजे अवघे १६२ चौरस मीटर. सभोवार तीन-तीन मीटर मोकळी जागा धरली तरी ३६० भरते. एका फुटबॉल मैदानाच्या क्षेत्रफळात व्हॉलीबॉलची सुमारे वीस अंगणे मावतील! ज्या मंडळाचे मोठे मैदान गेले, ते चाळीच्या अंगणात किंवा इमारतींमधील पट्ट्यात जाळे बांधून जिवंत राहू शकते.

आणि मैदाने गेली, हे कोणासही दिसते. १९५० साली मुंबईची हद्द जोगेश्वरी व भांडुपपर्यंत आणि १९५७ साली दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली. भातखाचरे, मिठागरे, वाड्या यांवर वसाहती उठल्या. लोकांना घरे हवीच होती. त्याबद्दल कोणास दोष देण्यात अर्थ नाही. परंतु येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. व्हॉलीबॉलची थोडक्यात भागण्याची वृत्ती हा त्याचा गुण आहे. तो इतरांच्या हाती निमित्त म्हणून जाता कामा नये. ‘मुलांना खेळावयास एवढे अंगण पुरे’ असे एकदा म्हटले की उद्या त्या अंगणात मोटारी उभ्या राहतात, आणि परवा मुलांना ‘खाली जाऊन गोंगाट करू नका’ असे सांगण्यात येते.

अलीकडे उपनगरांत कृत्रिम हिरवळीची लहान मैदाने तासाच्या भाड्याने मिळतात. तेथे मुले खेळतात, हे चांगलेच आहे. पण तेथे मूल भाडेकरू असते. मंडळात ते सभासद असते. भाडेकरूचा संबंध तास संपताच संपतो. सभासद जाळे सोडून घडी घालतो, चेंडूत हवा भरतो, धाकट्यांना शिकवितो, हरलेल्या दिवशीही परत येतो. कंपन्यांच्या मोठ्या संघांचेही असेच. महिंद्र युनायटेड या मुंबईच्या संघाने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली, आणि २०१० साली तो संघ बंद झाला. कंपनीच्या एका निर्णयाने मोठा संघ संपतो. गल्लीतील मंडळ बंद पाडावयास साऱ्या गल्लीने उदासीन व्हावे लागते.

ही उदासीनता किती सहज येते, आणि किती सहज जाते, याचा दाखला आपल्या अंधेरीनेच दिला. जून २०१८ मध्ये अंधेरीच्या क्रीडासंकुलात भारताने चिनी तैपेईला पाच गोलांनी हरविले, तेव्हा प्रेक्षक होते २,५६९. कर्णधार सुनील छेत्री यांनी लोकांना येण्याची विनंती केली. आणि ४ जून रोजी, त्यांच्या शंभराव्या सामन्यास, भर पावसात तेच प्रेक्षागार भरून गेले. माणसे होतीच, कोणीतरी बोलावण्याचा अवकाश होता. २०२२ साली याच मैदानावर आशियाई महिला चषकाचेही सामने झाले. मुलींच्या बाबतीत एवढेच सांगतो की व्हॉलीबॉलचे जाळे पुरुषांसाठी २.४३ मीटर व स्त्रियांसाठी २.२४ मीटर उंच असते. म्हणजे एकोणीस सेंटीमीटर जाळे खाली घेतले की मंडळाचे दार अर्ध्या वस्तीला उघडते. याहून स्वस्त सुधारणा मला ठाऊक नाही.

असो. श्रोतेहो, आपल्या हाती काय आहे ते सांगून हे भाषण पुरे करतो. २०१८ साली मंजूर झालेल्या मुंबईच्या विकास आराखड्यात खेळाच्या मैदानांसाठी राखलेल्या जागा नकाशावर दाखविलेल्या आहेत; आपल्या प्रभागातील अशी जागा कोणती, हे प्रत्येक घरातील एकाने तरी पाहून ठेवावे. शाळेचे मैदान संध्याकाळी व सुटीत वस्तीतील मुलांस मिळावे म्हणून शाळाचालकांना विनंती करावी, आणि त्याच्या देखभालीचा भार मंडळाने उचलावा. आणि जवळ एखादे मंडळ असेल तर त्याची वर्गणी भरावी, मग घरात खेळणारे मूल असो वा नसो. मोकळ्या जागेवर रोज संध्याकाळी खेळणारी माणसे असली, म्हणजे ती जागा कोणाची हे विचारण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही.