मिश्री, दात आणि हिरड्या
मुंबईतील शिवडी, परळ, लालबागच्या गिरणगावात, म्हणजे कापड गिरण्यांच्या वस्तीत, अनेक कामगार कुटुंबांत मिश्रीने, म्हणजे तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेल्या पुडीने, दात घासले जात. मात्र तिच्यातील निकोटीनमुळे व्यसन जडते आणि हिरड्यांना इजा होते.

दातांच्या तक्रारींवर मिश्रीऐवजी दंतवैद्याकडे उपाय आहेत. दंतक्षय, म्हणजे जिवाणूंनी साखरेपासून बनवलेल्या आम्लाने दाताला पडणारी कीड, वरवरची असताना दात भरून थांबवता येते; ती आतल्या नसेपर्यंत पोहोचल्यास रूट कॅनाल करावे लागते, तर दातांवरील कीटण, म्हणजे साचून कडक झालेला थर, दंतवैद्याकडून काढून घेतल्यास हिरड्यांची सूज ओसरते.

तोंडातील पांढरा चट्टा वा जखम दोन आठवड्यांत बरी न झाल्यास, कर्करोग नाही ना हे पाहण्यासाठी परळला १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणी तपासणी करून घ्यावी.