गाडी आलिशान, सेवा मात्र सर्वसाधारण!

सर्वसामान्यांसाठी गाड्या बनवणाऱ्या कंपनीने एखादी आलिशान मोटार बाजारात आणली की, तिची तुलना मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यूशी हमखास होते. तेवढीच ऐसपैस, तेवढीच ताकदवान आणि तरीही काही लाखांनी स्वस्त, असा हिशेब मांडला जातो. या हिशेबातून एक बाब बहुधा सुटते. ही गाडी देखभालीसाठी जाणार कुठे? तर, जिथे दिवसभर छोट्या गाड्यांची रांग लागलेली असते, त्याच सर्व्हिस सेंटरमध्ये!

यात वितरकाचा दोष असतोच असे नाही. त्याच्या कार्यशाळेचे गणितच संख्येवर बेतलेले असते. दिवसाकाठी अधिकाधिक गाड्या हातावेगळ्या करणे, हेच तिथले उत्पन्नाचे साधन. वर्षाला मोजक्याच खपणाऱ्या महागड्या मॉडेलसाठी खास अवजारे घेणे, मेकॅनिकला वेगळे प्रशिक्षण देणे आणि सुटे भाग साठवून ठेवणे त्याला परवडत नाही. त्यामुळे बिघाडाचे निदान लांबते, सुटा भाग परदेशातून मागवावा लागतो आणि गाडी आठवडेच्या आठवडे कार्यशाळेत पडून राहते. वॉरंटीतील कामाचा मोबदला अनेक कंपन्या ठरावीक तासांच्या हिशेबाने देतात. गुंतागुंतीचा इलेक्ट्रॉनिक बिघाड शोधण्यात मेकॅनिकचे दोन दिवस गेले, तरी वितरकाच्या पदरात तेवढीच रक्कम पडते. अशा कामाला तो प्राधान्य का देईल?

या विसंगतीचे ठळक उदाहरण म्हणजे फोक्सवॅगनची ‘फेटन’. ‘लोकांची गाडी’ असा ज्या नावाचा अर्थ, त्या कंपनीने २००२ मध्ये ही मोटार आणली. फर्डिनांड पिएख यांच्या आग्रहातून साकारलेली ही गाडी ड्रेस्डेन येथील काचेच्या भिंतींच्या कारखान्यात तयार होत असे. बेंटलीच्या ‘काँटिनेंटल जीटी’शी तिचे तांत्रिक नाते होते आणि बारा सिलिंडरचे इंजिनही तिला मिळत असे. अमेरिकेत तिची किंमत सुमारे ६५ हजार डॉलरपासून सुरू होई. पण ती विकली जाई गोल्फ आणि जेटा विकणाऱ्या वितरकांकडेच. तिथे तिला ग्राहक मिळाले नाहीत आणि २००६ च्या मॉडेलनंतर कंपनीने ती त्या बाजारातून मागे घेतली. या अपयशाला बॉनेटवरील बोधचिन्हही कारणीभूत होते, हे खरे. मात्र एवढ्या किमतीची गाडी घेणाऱ्याला जी वागणूक अपेक्षित असते, ती त्या दालनात मिळणे कठीणच होते.

टोयोटाने याच प्रश्नाचे उत्तर आधीच वेगळ्या तऱ्हेने शोधले होते. १९८९ मध्ये अमेरिकेत ‘लेक्सस’ हे स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र वितरक घेऊन ती उतरली. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘एलएस ४००’ या गाडीत ब्रेकचा दिवा आणि क्रूझ कंट्रोलसंबंधी दोष आढळले. कंपनीने सुमारे आठ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत घेतल्या. वितरकांनी ग्राहकांच्या घरून गाड्या नेल्या आणि दुरुस्त करून, धुऊन, इंधन भरून परत पोहोचवल्या. नव्या नावाच्या मुळावर येऊ शकणारा हा प्रसंग उलट त्याच्या लौकिकाचा पाया ठरला. दोष गाडीत होता. ग्राहकांच्या लक्षात राहिली ती सेवा.

ह्युंदाईने मधला मार्ग निवडला. २०१० च्या अखेरीस अमेरिकेत आणलेली ‘इक्वस’ नेहमीच्या वितरकांकडेच विकली गेली. पण सर्व्हिसिंगच्या वेळी ग्राहकाने वितरकाकडे जाण्याऐवजी वितरकानेच घरी येऊन गाडी न्यावी आणि बदली गाडी ठेवून जावे, अशी सोय करण्यात आली. तरीही एकाच छताखालचा संसार पुरेसा ठरला नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये कंपनीने ‘जेनेसिस’ हे वेगळे नाव जाहीर केले.

आपल्याकडेही हा धडा गिरवला गेला आहे. मारुतीने २०११ मध्ये ‘किझाशी’ ही पूर्णपणे आयात केलेली सेदान साडेसोळा लाखांच्या आसपास किमतीला आणली. अल्टो आणि वॅगन-आरच्या शेजारी उभ्या असलेल्या या गाडीकडे ग्राहक फारसे वळले नाहीत आणि काही वर्षांतच ती बंद झाली. पुढे जुलै २०१५ मध्ये कंपनीने ‘नेक्सा’ ही स्वतंत्र दालने सुरू केली. विशेष म्हणजे, नेक्साच्या नावाची वेगळी सर्व्हिस सेंटर सुरू व्हायला २०१७ उजाडावे लागले. विक्रीचे दालन आधी सजते आणि कार्यशाळा मागाहून, हा क्रम बोलका आहे.

तेव्हा अशी गाडी घेणाऱ्याने दालनाबरोबरच कार्यशाळाही पाहून घ्यावी. या मॉडेलचे प्रशिक्षण घेतलेले किती मेकॅनिक तिथे आहेत? बंपर, हेडलाइट, सस्पेन्शनचे भाग किती दिवसांत मिळतात? काम लांबल्यास बदली गाडी मिळेल का? शहरात दुसरे अधिकृत केंद्र आहे का? विक्रेत्याची आश्वासने लेखी घ्यावीत. प्रत्येक भेटीत तक्रार जॉब कार्डवर आपल्याच शब्दांत नोंदवून घ्यावी आणि त्याची प्रत जपून ठेवावी. तोंडी सांगितलेल्या तक्रारीला पुढे कुणी वाली नसतो.

कारण प्रकरण हातघाईवर आलेच, तर हीच कागदपत्रे कामी येतात. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि तीही आपण राहतो त्याच जिल्ह्यात. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा आयोगाचे दार ठोठावता येते.

गाडी एकदाच विकत घ्यायची असते. सर्व्हिस सेंटरची पायरी मात्र पुढची कित्येक वर्षे चढायची असते. किमतीत वाचलेल्या लाखांचा आनंद मानण्यापूर्वी ती पायरी एकदा पाहून येणे शहाणपणाचे.