जुन्या धाटणीच्या खेळांना आज गिऱ्हाईक आहे काय?

संगणकावरील खेळ म्हणजे पोरांची करमणूक, असे समजून आपल्यातील बरेच व्यापारी या धंद्याकडे पाहत नाहीत. त्यातील एक हिशेब मात्र आम्हाला वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

१९९८ साली 'बाल्डर्स गेट' हा खेळ निघाला. आपले पात्र घडवायचे, सोबती जमवायचे, लांबलचक संवाद वाचायचे आणि लढाई मध्येच थांबवून एकेकाला हुकूम द्यायचा, असा त्याचा प्रकार. पुढे मोठ्या कंपन्या वेगवान, चित्रपटासारख्या खेळांकडे वळल्या व ही धाटणी मागे पडली.

२०१२ साली अडचणीत आलेल्या ऑब्सिडियन या अमेरिकन कंपनीने तीच धाटणी परत आणायचे ठरविले. तिने 'किकस्टार्टर'वर थेट गिऱ्हाइकांकडेच विसार मागितला. ठरलेली रक्कम जमली नाही तर कोणाचाच पैसा घ्यायचा नाही, असा तेथील नियम. मागणी ११ लाख डॉलरची होती. ७० हजारांहून अधिक लोकांनी सुमारे ४० लाख दिले! २०१५ साली आलेला 'पिलर्स ऑफ इटर्निटी' चांगला खपला. गिऱ्हाईक होतेच, माल देणारे थोडे होते.

पण २०१८ साली त्याचा दुसरा भाग आला. जाणकारांनी वाखाणला, तरी सुरुवातीचा खप निराशाजनक. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने कंपनी विकत घेतली. आमच्या मते, जुन्या आठवणीपोटी घेणारा एकदा घेतो. दर वेळी तो येईलच असे नाही.

बेल्जियमच्या लेरियन कंपनीने निराळे केले. 'बाल्डर्स गेट ३'मध्ये लढाई पाळीपाळीने, म्हणजे मूळ खेळापेक्षाही संथ ठेवली. फाशांचे दान तर उघड दाखविले. मात्र संवाद वाचायला न लावता नटांच्या तोंडून ऐकविले, चेहरे जवळून दाखविले, चार मित्रांना एकत्र खेळता येईल अशी सोय केली. ऑक्टोबर २०२० मध्ये नुसता पहिला अंक, अपुरा आहे असे सांगूनच, पूर्ण किमतीत विकला आणि पुढे जवळजवळ तीन वर्षे घेणाऱ्यांच्या तक्रारी ऐकत दुरुस्ती केली. ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण खेळ आला. 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये तो त्या वर्षीचा सर्वोत्तम ठरला.

अर्थात त्यामागे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे १९७४ पासूनचे नाव होते. इतका खर्च लहान कंपनीला झेपणार नाही. तिला विसाराचीच वाट बरी; फक्त दुसऱ्या मालाचा खर्च पहिल्याच्या विक्रीवर धरू नये.