श्रद्धा आणि शस्त्रकर्म : वेल्लोरचे उदाहरण

नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत ‘सोझो’ हे एकच क्रियापद ‘रोगमुक्त करणे’ व ‘तारणे’ ह्या दोन्ही अर्थांनी येते. मराठी अनुवादकास मात्र प्रसंग पाहून ‘बरे करणे’ व ‘तारणे’ ह्यांतून एकाची निवड करावी लागते. भाषेतील ही विभागणी व्यवहारातही आढळते. बरे करणे हे रुग्णालयाचे काम आणि तारणे हे प्रार्थनामंदिराचे, असे सामान्यतः समजले जाते. ह्या दोहोंचा सांधा नेमका कोठे जुळतो, हा ख्रिस्ती शल्यचिकित्सकापुढील प्रश्न होय. शस्त्रकर्मापूर्वी प्रार्थना केल्याने तो जुळतो असे मानणे सोपे आहे. परंतु तेवढ्याने शस्त्रकर्माचे उद्दिष्ट बदलत नाही. डॉ. पॉल ब्रँड (१९१४–२००३) ह्यांच्या कार्याच्या आधारे ह्या प्रश्नाचा अधिक काटेकोर विचार करता येतो.

मिशनरी दांपत्याच्या पोटी तमिळ प्रदेशातील कोल्ली डोंगरात जन्मलेले ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शल्यचिकित्सक म्हणून आले. १९४७ मध्ये चिंगलपुट येथील कुष्ठालयास त्यांनी भेट दिली. कुष्ठरोग्याचे मांस सडके असते, त्यावरील जखम भरून येत नाही, अशी समजूत त्या काळी रूढ होती. येशूने कुष्ठरोग्यास स्पर्श केल्याची कथा प्रत्येक ख्रिस्ती वैद्यास ठाऊक होती. तथापि सर्वसाधारण रुग्णालयांची दारे ह्या रोग्यांस बहुधा बंदच असत.

श्रद्धेने ब्रँड ह्यांस रोग्याजवळ नेले. पुढचे काम निरीक्षणाने केले. आत वळलेल्या बोटांच्या हातातही पकड बळकट असल्याचे त्यांस आढळले. हाताच्या पंजातील लहान स्नायू मज्जातंतूंच्या विकाराने लुळे पडले असले, तरी कोपराखालचे अनेक स्नायू कार्यक्षम होते. अशा कार्यक्षम स्नायूची कंडरा बोटांकडे वळवून त्यांची हालचाल पुन्हा सुरू करता येते, हे त्यांनी दाखविले. बोटे रोगाने गळून पडत नाहीत. वेदना न उरल्यामुळे होणाऱ्या भाजण्या-कापण्याच्या इजा व त्यांतील जंतुसंसर्ग ह्यांमुळे ती झिजतात, हेही स्पष्ट झाले.

शस्त्रकर्म यशस्वी झाल्यावर एक निराळीच अडचण पुढे आली. हात सरळ झालेल्या रोग्यास भीक मिळेना, आणि रोगाचा डाग लागल्यामुळे कोणी कामही देईना. जखम भरली, पण मनुष्य बरा झाला नव्हता. म्हणून वेल्लोर येथे ‘नवजीवन केंद्र’ उभे राहिले. तेथे रोग्यांस सुतारकामासारखे धंदे शिकविले जात आणि संवेदनाहीन हात जपण्याची सवय लावली जाई. तरुणपणी ब्रँड स्वतः बांधकामाचा धंदा शिकले होते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

ह्या विस्तारलेल्या उद्दिष्टाचा परिणाम शिक्षणावरही झाला. १९५४ मधील अपघाताने कमरेखाली पांगळ्या झालेल्या डॉ. मेरी व्हर्गीस ह्यांनी ब्रँड ह्यांच्या प्रोत्साहनाने चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रकर्मे केली, आणि पुढे वेल्लोरच्या पुनर्वसनकार्याचे नेतृत्व केले.

अर्थात हे उद्दिष्ट केवळ ख्रिस्ती श्रद्धेचीच मक्तेदारी नव्हे. वरोरा येथे १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महारोगी सेवा समितीच्या द्वारे बाबा आमटे निराळ्या मार्गाने श्रमप्रतिष्ठेच्या त्याच निष्कर्षाप्रत आले. शिवाय रोगी परावलंबी असतो. वैद्याच्या श्रद्धेस नकार देण्याचे त्याचे स्वातंत्र्य त्यामुळे नाजूक होते. सेवेच्या मोबदल्यात श्रद्धेची अपेक्षा ठेवली, तर सेवेचे निरपेक्षपणच नष्ट होते.

तात्पर्य, कंडरा कशी जोडावी हे श्रद्धा शिकवीत नाही. ते शरीररचनाशास्त्राकडूनच शिकावे लागते. कोणास रुग्ण म्हणून स्वीकारावे आणि उपचार कोठे संपला असे समजावे, ह्या दोन प्रश्नांची उत्तरे मात्र श्रद्धेने बदलू शकतात. वेल्लोरच्या शस्त्रकर्मगृहात ‘बरे करणे’ व ‘तारणे’ ह्यांतील अंतर कमी झाले ते ह्याच अर्थाने.